एका शेताचे तीन जिल्हे

माझ्या माहेरच्या पेटीत एक खरेदीखत आहे. मोडीतलं, बोरूनं लिहिलेलं, शके १८१२ च्या पौषातलं. गाव आजच्या रिसोड तालुक्यातलं, पण कागदाच्या माथ्यावर जिल्हा आहे 'बासीम'. त्याच शेताची पुढच्या पिढीतली सारा-पावती आहे, तिच्यावर जिल्हा अकोला. आणि अलीकडचा सातबारा काढला तर त्यावर जिल्हा वाशीम. शेत जागचं हललेलं नाही. इंग्रजांच्या वऱ्हाडातला बासीम जिल्हा १९०५ साली मोडून अकोल्याला जोडला गेला आणि १ जुलै १९९८ ला वाशीम पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला, एवढाच त्याचा अर्थ. इतिहास म्हणून हे मला आधीपासून ठाऊक होतं. ते माझ्या डोक्याला ताप देईल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

भावाचं घर पाडून नवीन बांधायचं ठरलं तेव्हा पेटीतले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, बाहेर निघाले. खरेदीखतं, गहाणखतं, फारखत्या, पावत्या, वाटणीपत्रं, लग्नपत्रिका, कुणाकुणाची पोस्टकार्डं. काही कागदांना कसर लागलेली, काही घडीवर फाटलेले. भाचा पुण्याला सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. तो दिवाळीला आला आणि मोबाइलवर सगळ्यांचे फोटो काढून गूगल ड्राइव्हवर चढवून मोकळा झाला. जाताना म्हणाला, "आत्या, कागद वाचले आता. तुम्ही फक्त लावून ठेवा." मोडी मला बऱ्यापैकी वाचता येते, वेळही आहे, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

लावायचं म्हणजे काय, हे मला माझ्या परीनं माहीत होतं. फोल्डर करायचे: जिल्हा, त्यात तालुका, त्यात गाव, त्यात साल. बासीम, अकोला, वाशीम असे तीन फोल्डर केले आणि बघते तर एकाच शेताचे कागद तीन ठिकाणी पांगलेले. बरं, गावानुसार लावावं तर एका खतात दोन गावांची शिवारं. माणसानुसार लावावं तर देणारा एक, घेणारा दुसरा, साक्षीला तिसरा-चौथा. भाच्याला फोन करून विचारलं, "एक कागद दोन फोल्डरमध्ये ठेवता येत नाही का रे?" तो म्हणाला, "२०२० च्या सप्टेंबरपर्यंत ठेवता यायचा, आत्या. आता एका फाइलला एकच जागा. दुसरीकडे फक्त शॉर्टकट ठेवता येतो." शेकडो कागद आणि प्रत्येकाचे चार-चार शॉर्टकट या विचारानंच मी फोल्डर करायचं थांबवलं.

मग म्हटलं, शोधून बघू. वरच्या शोधाच्या चौकटीत गावाचं नाव टाकलं. छापील लग्नपत्रिका बरोबर पुढे आल्या, कारण ड्राइव्ह फोटोतलंही छापील अक्षर वाचतं. मोडीतला एकही कागद आला नाही. मोडीला युनिकोडमध्ये जागा २०१४ साली मिळाली खरी, पण बोरूच्या जुन्या अक्षरावरून ओळ उचलणं ड्राइव्हला जमत नाही. तारखेनुसार लावायला गेले तर सगळे कागद एकाच दिवाळीतले! ड्राइव्हला दिसते ती फोटो काढल्याची तारीख. म्हणजे या कागदांबद्दल यंत्राला काहीच माहीत नव्हतं. जे काही माहीत होतं ते मला, ते मी कुठे लिहावं हे मात्र कुणी सांगत नव्हतं.

"कस्टम मेटाडेटा टाकू," भाचा म्हणाला. मला आधी कळलंच नाही. फाइलचं नाव, आकार, तारीख ही माहिती यंत्र आपणहून ठेवतं, तो झाला साधा मेटाडेटा. त्यापलीकडे आपल्याला हवे ते रकाने आपण जोडायचे. रकान्याला एक नाव आणि त्याच्यासमोर एक मजकूर. फाइल कुठल्याही फोल्डरमध्ये असो, तिचे रकाने तिच्यासोबत. "जागा अन् ओळख या दोन वेगळ्या गोष्टी हायेत, आत्या," तो म्हणाला, "तुम्ही दोन्ही फोल्डरवरच लादत होत्या."

समजलं असं वाटलं आणि तिथूनच खरा गोंधळ सुरू झाला. ड्राइव्हमध्ये माहिती जोडायच्या जागा एक नाही, तीन आहेत. एक, फाइलच्या तपशिलात वर्णनाची चौकट असते; तिथे लिहिलेलं नेहमीच्या शोधात सापडतं. दुसरी, लेबलं, ती कंपन्यांच्या आणि संस्थांच्या पैसे भरून घेतलेल्या खात्यांना मिळतात, माझ्या साध्या जीमेल खात्यात ती नाहीतच. तिसरी, प्रॉपर्टीज. आपल्याला हवे तसे रकाने देणारी जागा हीच, पण ती ड्राइव्हच्या पडद्यावर कुठे दिसत नाही. लिहायची असेल तरी स्क्रिप्टमधून, म्हणजे छोट्या प्रोग्राममधून, वाचायची असेल तरी स्क्रिप्टमधूनच. भाच्यानं एका कागदाला गाव आणि तालुका जोडला आणि म्हणाला, "झालं." मी फाइल उघडली, उजवीकडचा तपशील उघडला, वर-खाली बघितलं. काही नाही. जे दिसत नाही ते आहे असं मानून पुढे जायची मला सवय नाही, म्हणून त्याला ते पुन्हा वाचून दाखवायला लावलं. त्यानं स्क्रिप्ट चालवली आणि खाली दोन ओळी उमटल्या. तेव्हा कुठे जिवाला बरं वाटलं.

त्यातही प्रॉपर्टीज दोन प्रकारच्या, एक पब्लिक आणि एक प्रायव्हेट. पब्लिक म्हटल्यावर मी घाबरले. यात लोकांच्या जमिनी आहेत, नावं आहेत, कागदावर लिहिलेल्या जाती आहेत. मग त्यानं उलगडून सांगितलं: पब्लिक म्हणजे जगाला उघडी नव्हे, तर ज्याला ती फाइल बघायची परवानगी आहे त्याच्या कुठल्याही अ‍ॅपला दिसणारी. प्रायव्हेट म्हणजे ज्या अ‍ॅपनं लिहिली त्यालाच दिसणारी. आम्ही पब्लिक घेतली. उद्या भाच्याची स्क्रिप्ट बंद पडली तरी दुसऱ्या कुणाला ती वाचता यावी. फोल्डर मात्र घरच्यांपुरताच उघडा ठेवला आणि कुणाच्याही आधार कार्डाचा फोटो त्यात येऊ दिला नाही.

रकाने काय असावेत यावर आम्ही फोनवर बराच वेळ घालवला, आणि माझ्या मते या सगळ्या कामातला खरा भाग तोच. भाच्यानं एक तयार यादी पाठवली होती, डब्लिन कोर नावाची. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी १९९५ मध्ये ग्रंथपाल आणि संगणकवाले एकत्र बसले, त्यातून पुढे पंधरा रकान्यांची ही यादी ठरली: शीर्षक, कर्ता, विषय, तारीख, भाषा वगैरे. जगभरची ग्रंथालयं ती वापरतात, आणि पुस्तकाला ती चपखल बसते. पण खरेदीखताचा कर्ता कोण? लिहून देणार की लिहून घेणार? की ज्याच्या हातचं अक्षर आहे तो लेखक? आमच्या कागदात या तिघांनाही स्वतंत्र जागा आहे आणि साक्षीदारांना वेगळी. मी भाच्याला म्हटलं, रकाने बाहेरून आणायची गरज नाही. खत लिहिणाऱ्यानंच ते पाडून ठेवले आहेत, आपण फक्त उचलायचे.

त्यातला सगळ्यात मोलाचा रकाना मला चतुःसीमेचा वाटतो. शेताच्या पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस नाला, दक्षिणेस तमक्याचं वावर, उत्तरेस पांदण. ज्या घरांचा स्वतःचा एकही कागद उरलेला नाही, त्यांचे पणजोबा असे दुसऱ्याच्या खतात, शेजारी म्हणून, सापडतात. कुठलीही तयार यादी हे विचारणार नाही.

मी उत्साहानं 'चतुःसीमा' असा रकाना करून चारही बाजू एका ओळीत लिहिल्या, तर स्क्रिप्टनं तो मजकूर घेतलाच नाही. कारण ऐकून चकित व्हायला झालं. ड्राइव्हच्या एका प्रॉपर्टीत रकान्याचं नाव आणि मजकूर दोन्ही मिळून १२४ बाइट मावतात. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. आणि चिन्ह म्हणजे आपण म्हणतो ते अक्षर नव्हे. 'श्री' या एका अक्षरात श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशी चार चिन्हं, म्हणजे बारा बाइट. तेच रोमन लिपीत लिहिलं तर चार. 'खातेदार' हे रकान्याचं नाव मराठीत ठेवलं की एकवीस बाइट तिथेच संपतात. शेवटी तोडगा निघाला तो असा: रकान्यांची नावं रोमन लिपीत, आखूड, मजकूर मराठीत, आणि चतुःसीमेचे चार वेगळे रकाने, एकेका दिशेला एक. पब्लिक प्रॉपर्टीज एका फाइलला तीसच देता येतात, पण आमचं त्यात भागलं. ज्यांनी ही मर्यादा घातली त्यांच्यासमोर मराठी नाव लिहिणारा माणूस नव्हता, हे मला राहून राहून जाणवतं.

मग आली तारीख. शके १८१२ मध्ये ७८ मिळवले की १८९० येतं, तेच मी लिहिणार होते. पण कागद पौषातला. १८९० च्या डिसेंबरमध्ये मार्गशीर्ष चालू होता, पौष उजाडला तो १८९१ च्या जानेवारीत. चैत्रात सुरू होणारं वर्ष आणि जानेवारीत सुरू होणारं वर्ष यांचा असा सांधा आहे. निजामाच्या अमदानीतल्या एक-दोन कागदांवर तर फसली साल आहे. दख्खनच्या फसलीत ५९० मिळवावे लागतात, फसली १२५० म्हणजे इसवी १८४०-४१. म्हणून तारखेचे रकाने तीन झाले: कागदावर जशी आहे तशी, इसवीत बसवलेली, आणि ती पक्की की अंदाजे. जिल्ह्याचेही तसेच दोन, कागदावरचा आणि आजचा. ज्या प्रश्नानं मी फोल्डर सोडून दिले होते तो या दोन रकान्यांनी सुटला. आजचा जिल्हा वाशीम म्हटलं की तिन्ही कागद एकत्र येतात, आणि कागदावरचा जिल्हा बासीम म्हटलं की फक्त १९०५ पर्यंतचे.

शोधताना आणखी एक गोष्ट कळली. प्रॉपर्टीजमधला शोध अक्षरशः तंतोतंत जुळणी मागतो. 'कारंजा' लिहिलं असेल तर 'कारंजा लाड' टाकून सापडणार नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक तर दिसतो तरी. 'शेतकऱ्याचा अर्ज' हा मजकूर मी एकदा मोबाइलवर लिहिला आणि एकदा संगणकावर. दोन्ही डोळ्यांना सारखे, पण एक सापडे, एक नाही. युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन तऱ्हांनी बनतो. एक, खाली नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त; दुसरा, साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं चिन्ह. कळफलक बदलला की आतली तऱ्हा बदलते. यावर भाच्यानं गूगल शीटमध्ये यादी बांधून दिली. गाव, तालुका, कागदाचा प्रकार हे आता टाइप करायचं नाही, यादीतून निवडायचं. सगळं मी आधी त्या शीटमध्ये भरते, एका ओळीत एक कागद, आणि स्क्रिप्ट तिथून उचलून फाइलला चिकटवते.

त्याच्या ऑफिसात अ‍ॅमेझॉनची एस-थ्री नावाची साठवण वापरतात, तिची रीत त्यानं सांगितली. तिथे फोल्डर असा प्रकारच नाही. नावात तिरक्या रेघा असतात, त्यामुळे फोल्डर असल्यासारखं दिसतं. फाइल चढवतानाच दोन केबीपर्यंत आपला मेटाडेटा तिला लावता येतो, पण नंतर एक अक्षर बदलायचं तरी फाइल स्वतःवरच पुन्हा नकलून लिहावी लागते. त्याशिवाय दहा टॅग मिळतात, ते केव्हाही बदलता येतात. एवढी मोठी यंत्रणा आणि तिलाही 'हा कागद कशाचा' हे बाहेरून सांगावं लागतं, हे ऐकून मला धीर आला.

आणि कागदाची ओळख अशी नोंदून ठेवायचं काम आपल्या वाशीम जिल्ह्याला नवीन नाही. कारंज्याच्या जैन मंदिरांत सेनगण आणि बलात्कारगण या जैन मुनिपरंपरांची पोथ्यांची भांडारं आहेत. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची रायबहादूर हिरालाल यांनी केली, ती १९२६ साली नागपुरात छापली गेली, आणि तिच्यात कारंज्याच्या पोथ्यांची नोंद आहे. पुढे अमरावतीच्या कॉलेजात शिकवणारे प्राध्यापक हिरालाल जैन यांनी कारंज्याच्या ग्रंथमालेत अपभ्रंश भाषेतले ग्रंथ संपादून काढले. पुष्पदंताचं 'णायकुमारचरिउ' त्यातलंच, १९३३ चं. शतकानुशतकं कपाटात असलेल्या पोथीचं नाव, कर्ता आणि भाषा एकदा नोंदली गेली की दूरच्या अभ्यासकालाही ती आहे हे कळतं. आमची पेटी त्या भांडारापुढे काहीच नाही, पण रीत तीच, हे लक्षात आलं तेव्हा या कामाची गोडी वाढली.

नात्यातल्या एका मुलीच्या जात पडताळणीची वेळ आली तेव्हा याचा पहिला खरा उपयोग झाला. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, आणि जितका जुना तितका चांगला. तिच्या घरी एकही कागद नव्हता. मला वाटलं, १९६७ च्या आधीचे सगळे कागद मागितले की येतील. तर प्रॉपर्टीजना 'आधी' आणि 'नंतर' समजतच नाही, फक्त 'बरोबर हेच' समजतं. शीटमध्ये मात्र इसवीचा रकाना लहान-मोठा लावता येतो. तिथून १९६७ च्या अलीकडचं गाळलं, गाव निवडलं, आडनाव टाकलं. तिच्या खापरपणजोबांचं नाव एका गहाणखतात लिहून देणार म्हणून निघालं, पुढे जुन्या रिवाजाप्रमाणे जात, धंदा आणि राहणार, सगळं लिहिलेलं. मूळ कागद पेटीतल्या कुठल्या रुमालात आहे तो रकानाही आम्ही ठेवला होता, म्हणून अस्सल कागद लगेच हाती आला. जाणकाराकडून त्याचं देवनागरी लिप्यंतर करून घेतलं आणि तिच्या प्रकरणाला जोडलं.

त्याच वेळी आणखी एक उमजलं. कागदाचा फोटो मी तिला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तेव्हा रकाने त्याच्यासोबत गेले नाहीत. ते ड्राइव्हच्या वहीत असतात, फोटोच्या पोटात नसतात. फाइल उतरवून घेतली तरी तेच. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलं तर कॅमेऱ्यानं आत ठेवलेली तारीख आणि ठिकाणही झडतं. ते ठेवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावं लागतं. म्हणून आता फाइलच्या नावातच रुमालाचा आणि कागदाचा क्रमांक असतो, आणि शीटची एक छापील प्रत भावाच्या घरी पेटीतच ठेवली आहे. आमची खरी सूची ती शीट आहे, प्रॉपर्टीज हा तिचा यंत्रासाठीचा उतारा.

ज्यांच्या घरी स्क्रिप्ट लिहिणारं कुणी नाही त्यांनी प्रॉपर्टीजच्या मागे लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एक शीट आणि ड्राइव्हमधली वर्णनाची चौकट, एवढ्यावर घरच्या कागदांचं काम छान चालतं. चौकटीत गाव, इसवी साल, देणार-घेणार आणि शेजाऱ्यांची नावं लिहिली की साधा शोधही मोडी कागद काढून देतो.

आमच्या शीटमध्ये 'कुणी वाचला' असा एक रकाना आहे. कित्येक कागदांपुढे तो अजून रिकामा आहे, कारण काही हातांचं अक्षर मला लागत नाही आणि ते वाचणारी माणसं आता मोजकीच उरली आहेत. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा, कुठल्याही तालुक्यात तुमच्या घरी असा रुमाल असेल, तर फोटो काढायच्या आधी घरातल्या किंवा गावातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ तो घेऊन बसा. कागद कशाचा, शेत कुठलं, शेजारी कोण, हे त्यांच्या तोंडून ऐका आणि त्याच दिवशी लिहून ठेवा. फोटो नंतर केव्हाही काढता येतात.